कुठून आणि कुठे

इंद्रवेल्लीच्या सोमवारच्या बाजारात उभे राहिले की माणूस माणसाला दोनच प्रश्न विचारताना ऐकू येतो : कुठून आलात आणि कुठे चाललात? गुडीहत्नूरहून उटनूरला जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव. बाजारात गोंड येतात, कोलाम येतात, बंजारा येतात. दुकानदारांत तेलुगू बोलणारे आहेत, मराठी बोलणारे आहेत, दखनी बोलणारेही आहेत. मराठी माणूस उत्तर देतो, ‘गावाले चाललो.’ तेलुगू बोलणारा ‘ऊरिकि’ म्हणतो. दखनी बोलणारा ‘गाव कू’ म्हणतो. गावाचे नाव आधी, आणि दिशा दाखवणारे एवढेसे अक्षर त्याच्या पाठीमागे. ले, कि, कू. उच्चारायला क्षणही लागत नाही. पण ते काढून घेतले तर बाजारातला कोणताही माणूस कुठेही पोहोचणार नाही.

प्रस्तुत लेखकाचे बालपण याच मुलखात गेले. पुढे शिक्षणासाठी पुण्यास जाणे झाले, तेव्हा पहिल्याच दिवाळीच्या सुटीत वर्गमित्रांचा निरोप घेताना ‘मी घराले चाललो’ असे तोंडून गेले आणि सगळे हसले. हसण्यात दुष्टावा नव्हता, पण त्या दिवसापासून ‘ले’ हे अक्षर जिभेवरून मागे सरले ते बरीच वर्षे परत आले नाही. एका प्रत्ययाने मी कुठे चाललो आहे हे सांगितले होते. ऐकणाऱ्यांना मात्र मी कुठून आलो आहे तेच ऐकू आले होते. या दुहेरी कामगिरीचा इतिहास काय असावा, हा प्रश्न मनात राहून गेला. त्याचे उत्तर उतारवयात, हौस म्हणून जपानी भाषा शिकायला घेतली तेव्हा, अगदी अनपेक्षित वाटेने मिळू लागले.

जपानी व्याकरणात अशा प्रत्ययवजा शब्दांना ‘जोशि’ म्हणतात. मराठी विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी हसू येते, आणि मग हे ‘जोशी’ त्याला वर्षभर पिडतात. अर्थ ‘साहाय्यक शब्द’ असा. गतीचे आणि दिशेचे काम करणारे त्यांत मुख्यतः पाच : ‘नि’, ‘ए’, ‘ओ’, ‘कारा’ आणि ‘मादे’. ‘कारा’ म्हणजे आपले ‘हून’ किंवा ‘पासून’. ‘मादे’ म्हणजे ‘पर्यंत’. ही दोन्ही मराठी माणसाला लगेच वश होतात. घोटाळा होतो तो उरलेल्या तिघांचा, आणि इतर अनेक भाषांचे विद्यार्थी जिथे अडतात तिथे मराठी विद्यार्थ्याला स्वतःच्या घरातच किल्ली सापडते.

‘नि’ घ्या. जपानीत ‘इए नि इरु’ म्हणजे घरी आहे, आणि ‘इए नि काएरु’ म्हणजे घरी परततो. असणे आणि जाणे या दोन्हींसाठी एकच ‘नि’ कसा, असे परभाषिक विद्यार्थी विचारतो. मराठी माणसाने विचारण्याचे कारण नाही. ‘तो घरी आहे’ आणि ‘तो घरी गेला’ या दोन वाक्यांत आपण एकच सप्तमी वापरतो आणि आपल्याला त्यात काही विशेष घडल्याचे कळतही नाही. घर हे मुक्कामाचे ठिकाण. तिथे असो वा तिथे पोहोचो, ठिकाण तेच.

‘ए’ची गोष्ट निराळी. तोही ‘कडे’ म्हणून दिशा दाखवतो, पण मुक्काम गाठल्याची हमी देत नाही. आजच्या बोलण्यात ‘नि’ आणि ‘ए’ पुष्कळदा एकमेकांची जागा घेतात. तरीही पोहोचणे या अर्थाच्या ‘त्सुकु’ या क्रियापदाला ‘नि’ हवा असतो. आपणही ‘पुण्याकडे निघालो’ म्हणतो, ‘पुण्याला निघालो’ही म्हणतो, परंतु ‘पुण्याला पोहोचलो’ एवढेच म्हणतो, ‘पुण्याकडे पोहोचलो’ म्हणत नाही. ‘कडे’ वाट दाखवते, दारात आणून सोडत नाही.

तिसरा ‘ओ’. हा एरवी कर्माचा प्रत्यय. पण चालण्याच्या वाटेलाही लागतो. ‘मिचि ओ आरुकु’ म्हणजे रस्त्याने चालणे, ‘हाशि ओ वातारु’ म्हणजे पूल ओलांडणे, ‘मुरा ओ देरु’ म्हणजे गाव सोडून बाहेर पडणे. इथेही आपली भाषा साक्ष देते. आपण डोंगर चढतो, पायऱ्या उतरतो, नदी ओलांडतो, गाव सोडतो. ज्या भूमीवरून पाय गेला ती भूमी क्रियेचे कर्म होते. ‘गावातून निघाला’ आणि ‘गाव सोडले’ या दोन वाक्यांत अंतर तेवढेच असते, पण दुःख निराळे असते. जपानीतही बाहेर पडणे या एकाच क्रियापदाला ‘कारा’ लावला तर नुसते निघणे, ‘ओ’ लावला तर मागे टाकून जाणे, अशी छटा बदलते.

हे साम्य पाहून दोन भाषा एका रक्ताच्या असल्या पाहिजेत असा मोह होतो. सुसुमु ओनो या जपानी पंडिताने तमिळ आणि जपानी यांचे नाते सिद्ध करण्यासाठी आयुष्याचा मोठा काळ वेचला. त्याचे मत सर्वसाधारणपणे मान्य झाले नाही. त्याहून सावध वाट कॉलिन मासिका या अभ्यासकाने १९७६ सालच्या आपल्या ग्रंथात दाखवली. क्रियापद शेवटी ठेवणे, संबंधदर्शक शब्द नामाच्या मागे लावणे, ‘घेऊन जाणे’ यासारखी क्रियांची साखळी करणे ही लक्षणे हिंदुस्थानापासून मध्य आशियातून जपानपर्यंतच्या विस्तीर्ण पट्ट्यात आढळतात. कूळ एक नसताही वळण एक असू शकते. इंद्रवेल्लीच्या बाजारात उभ्या राहणाऱ्याला हे निराळे सांगावे लागत नाही. मराठी आर्यकुळातली, तेलुगू आणि गोंडी द्राविडकुळातल्या. तरी तेलुगूतले ‘इल्लु’ प्रत्ययापूर्वी ‘इंटि’ होऊन मग ‘इंटिकि’ बनते, तसेच मराठीतले ‘घर’ आधी ‘घरा’ होते आणि मगच ‘घराला’ बनते. शेजार हेही एक नाते आहे.

जपानी प्रत्ययांना एक जुने नाव आहे : ‘तेनिओहा’. त्यामागची कथा इतिहासाच्या वाचकाला रुचावी. जपानने लिपी चीनकडून घेतली, ग्रंथही घेतले. पण चिनी वाक्याची रचना निराळी आणि त्यात जपानी प्रत्ययांना जागाच नाही. तेव्हा भिक्षू आणि पंडित चिनी अक्षराच्या कडेला बारीक ठिपके देऊ लागले. ठिपका कोणत्या कोपऱ्यात आहे त्यावरून वाचणाऱ्याने कोणता प्रत्यय उच्चारायचा ते ठरे. विद्वानांच्या एका घराण्याच्या पद्धतीत चार कोपऱ्यांचे ठिपके क्रमाने वाचले की ‘ते-नि-ओ-हा’ असे होत, आणि तेच सगळ्या प्रत्ययांचे नाव पडले. परक्या भाषेच्या भव्य इमारतीत आपल्या भाषेने कोपरा धरून काढलेले हे दिवस होते. अठराव्या शतकात मोतोओरि नोरिनागा या विद्वानाने याच प्रत्ययांच्या व्यवस्थेवर ग्रंथ लिहिला, तेव्हा त्याच्या नावात त्याने रत्ने ओवणाऱ्या दोऱ्याची प्रतिमा योजली. शब्द हे मणी, प्रत्यय हे सूत्र.

सूत्र दिसत नाही, पण टिकते. १९४६ साली जपानने आपले लेखन उच्चारानुसार सुधारून घेतले, तेव्हा तीन प्रत्यय मात्र जुन्याच रूपात ठेवले. दिशेचा ‘ए’ आजही ‘हे’ असा लिहितात, कर्माचा ‘ओ’ आजही ‘वो’ या जुन्या अक्षराने लिहितात. आपल्याकडे उलट घडले. १९६२ च्या लेखनविषयक नियमांनी ‘घरीं’, ‘गांवीं’ या रूपांवरचे अनुस्वार उतरवले. सप्तमीची ती नासिक्य खूण लिपीतून गेली. अनेकवचनी सामान्यरूपावरचा, ‘घरांना’ यातला, तेवढा राहिला. कोणी योग्य केले हा वाद इथे नको. एवढेच लक्षात घ्यावे की भाषेच्या सुधारणेत सर्वांत लहान अक्षरांचा निर्णय करणे सर्वांत अवघड जाते.

या दिशादर्शकांची मुळे शोधू लागले की आणखी एक साम्य पुढे येते. जपानी ‘ए’ मूळचा ‘हे’. त्याचा अर्थ कड, बाजू, आसपासची जागा. आपले ‘कडे’ तरी दुसरे काय? ‘कड’ म्हणजे काठ, बाजू. नदीची कड, शेताची कड. तिचेच दिशादर्शक झाले. ‘पर्यंत’ या संस्कृत शब्दात ‘अंत’ बसलेला आहे. ‘पावेतो’त पावणे म्हणजे पोहोचणे आहे. ‘ला’ हा बहुतेक अभ्यासकांच्या मते ‘लागि’, ‘लागून’ या जुन्या रूपांशी, म्हणजे लागणे या क्रियेशी जोडलेला. नेपाळीतला ‘लाई’ही त्याच गोत्रातला मानतात. वऱ्हाडी आणि अहिराणीतला ‘ले’ हा या ‘ला’चाच भाऊबंद. थोडक्यात, आज जी अक्षरे निर्जीव वाटतात ती एके काळी कड, काठ, शेवट, स्पर्श अशा धडधाकट वस्तू आणि क्रिया होत्या. माणसांनी त्या इतक्या वेळा हाताळल्या की त्यांचे कंगोरे झिजले आणि गोटे उरले.

आता ‘घराले’ ऐकून झालेल्या हास्याकडे परत यावे. सतराव्या शतकाच्या आरंभी, १६०४ ते १६०८ या काळात, नागासाकी येथे जुआंव रॉड्रिग्ज या पोर्तुगीज जेझुइटाने जपानी भाषेचे विस्तृत व्याकरण छापले. गोव्याच्या वाचकाला हा मार्ग परका नाही. लिस्बनहून गोवा, गोव्याहून मकाव आणि तिथून नागासाकी अशीच ती जहाजे जात. रॉड्रिग्ज जपानीचे नियम बांधत होता त्याच पिढीत थॉमस स्टीफन्स गोव्यात कोकणीचे व्याकरण रचत होता, जे पुढे १६४० साली रायतूर येथे छापले गेले. लॅटिनच्या विभक्तींची चौकट बरोबर घेऊन आलेली ही माणसे होती. पौर्वात्य भाषा त्या चौकटीत बसवताना त्यांची दमछाक झाली, आणि त्या दमछाकीतूनच बारीक नोंदी झाल्या.

रॉड्रिग्जने त्या काळची एक लोकोक्ती नोंदवली आहे. तिचा आशय असा की दिशा दाखवायला क्योतोचे लोक ‘ए’ म्हणतात, त्सुकुशि म्हणजे क्यूशूकडचे लोक ‘नि’ म्हणतात आणि पूर्वेकडच्या बांदो प्रांतातले लोक ‘सा’ म्हणतात. म्हणजे चारशे वर्षांपूर्वीच्या जपानातही एका अक्षरावरून माणसाचा मुलूख ओळखत होते, आणि राजधानीचा प्रत्यय कोणता, आडरानातला कोणता, हे सगळ्यांना पाठ होते. हा ‘सा’ दिशा या अर्थाच्या एका जुन्या नामापासून आला असे मानतात. पुस्तकी जपानीने त्याला थारा दिला नाही. पण ईशान्य जपानच्या बोलींत तो आजही नांदतो. बिघडलेला ‘ए’ म्हणून त्याच्याकडे पाहणे चूक आहे. तो स्वतंत्र वाटेने आलेला, तितकाच कुलीन प्रत्यय आहे.

हे वाचले त्या दिवशी माझ्या मनातला एक जुना काटा निघाला. आपल्याकडेही अशी उक्ती सहज रचता येईल : पुण्यात ‘ला’, वऱ्हाडात ‘ले’, मालवणात ‘क’. सदाशिव पेठेतला माणूस बाजाराला जातो, अकोल्याचा बाजाराले जातो, सावंतवाडीचा बाजाराक जातो. तिघेही बाजारातच पोहोचतात. याखेरीज ‘स’ आहेच. बोलण्यातून तो जवळजवळ उठला, पण पत्राच्या मायन्यात ‘यांस’ म्हणून मानाने बसला, जसा जपानी ‘ए’ पत्राच्या आरंभी ज्याला पत्र लिहायचे त्याच्या नावामागे बसतो. दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले. पुढे शाळांतून विभक्तीचे कोष्टक पाठ होऊ लागले : स, ला, ते, ऊन, हून, त, ई, आ. कोष्टकाने मराठीची मोठी सेवा केली यात शंका नाही. परंतु कोष्टकात जे बसले ते शुद्ध आणि जे बाहेर राहिले ते गावंढळ, हा समज त्याच्या मागोमाग आला. ‘ले’ आणि ‘क’ बाहेर राहिले. ती अशुद्ध रूपे नव्हती. कोष्टक जिथे तयार झाले तिथली ती रूपे नव्हती, इतकेच.

परंतु इथेच थांबलो तर हा लेख एका मराठी माणसाची तक्रार होऊन बसेल, आणि इंद्रवेल्लीवर ते अन्यायाचे होईल. कारण पुण्याने ‘ले’ला हसावे, तसे या मुलखात मराठीनेही कोणाला तरी कोपऱ्यात बसवले होते. इथली जुनी भाषा गोंडी. गावाला ‘नार’ म्हणणारी, घराला ‘रोन’ म्हणणारी. १९४० साली जोडेघाटच्या डोंगरात कोमरम भीम निजामाच्या पोलिसांच्या गोळीने पडला. त्यानंतर या असंतोषाची कारणे शोधण्यासाठी क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हा मानववंशशास्त्रज्ञ निजाम सरकारच्या वतीने आदिलाबादेत आला आणि मार्लवाईस राहिला. त्याने जे पाहिले ते व्याकरणाच्या भाषेत एका वाक्यात सांगता येते : जमीन गोंडाकडून सावकाराकडे गेली होती. ‘कडून’ आणि ‘कडे’ या दोन प्रत्ययांमध्ये एका समाजाचे सर्वस्व सरकले होते. ज्यांच्याकडे ते सरकले त्यांत तेलुगू बोलणारे होते, उर्दू बोलणारे होते, आणि मराठी बोलणारेही होते. आपण हे प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे.

त्याच हायमेनडॉर्फच्या पुढाकाराने १९४३ पासून मार्लवाईस गोंड शिक्षक तयार करण्याचे केंद्र चालले. पहिली वाचनपुस्तके गोंडी भाषेत, पण देवनागरी लिपीत केली, कारण या भागातल्या ज्या थोड्या गोंडांना अक्षरओळख होती ती मराठीमुळे होती. पुढे निजामाच्या सेवेतले अधिकारी आणि मराठीतले नामवंत इतिहासकार सेतुमाधवराव पगडी यांनी गोंडी आणि कोलामी या दोन्ही भाषांची व्याकरणे लिहिली. शिवकालाचे साधनग्रंथ धुंडाळणाऱ्या या माणसाने कोलामांच्या प्रत्ययांचीही नोंद ठेवावी, ही मराठी विद्वत्तेच्या इतिहासातली अभिमानाची गोष्ट आहे. आपल्याकडे तिची आठवण कमी काढली जाते.

मग १ नोव्हेंबर १९५६ आला. हैदराबाद संस्थानाची वाटणी झाली. किनवट आणि राजुरा हे तालुके आदिलाबादेतून निघून मुंबई राज्याकडे गेले. इंद्रवेल्ली आंध्र प्रदेशात राहिली. शाळेची भाषा तेलुगू झाली, आणि देवनागरीत गोंडी वाचू लागलेल्या मुलांची वाट पुन्हा बदलली. २०१४ साली तेलंगण झाले, २०१६ साली आदिलाबाद जिल्ह्याचेही चार तुकडे झाले. इंद्रवेल्लीच्या ओट्यावर बसून राहिलेला म्हातारा एक पाऊलही न हलता हैदराबादेतून आंध्रात आणि आंध्रातून तेलंगणात आला. गतीची क्रियापदे इथे माणसांनी नाही, सीमांनी चालवली. आणि तरी किनवटचा माणूस ‘गावाले’ म्हणतो, इंद्रवेल्लीचाही ‘गावाले’च म्हणतो. जी सीमा दोन राज्ये वेगळी करू शकली तिला एक प्रत्यय ओलांडता आला नाही असे म्हणावे, की त्या प्रत्ययाला ती सीमा कधी दिसलीच नाही असे म्हणावे?

प्रत्ययांच्या या सलोख्याला एक काळी कडाही आहे. २० एप्रिल १९८१, वार सोमवार. जमिनीच्या हक्कासाठी इंद्रवेल्लीत गोंडांची सभा ठरली होती. सभेला परवानगी नाकारली गेली होती. आणि दिवस बाजाराचा होता. डोंगरातून येणारी माणसे सभेला येत होती तशी बाजारालाही येत होती. पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा तेरा मृतांचा. लोकांत सांगितला जाणारा आकडा त्याहून कितीतरी मोठा. ‘सभेला’ आलेला कोण आणि ‘बाजाराला’ आलेला कोण, हा भेद गोळीला करता आला नाही. गावाजवळ आज हुतात्म्यांचा स्तंभ उभा आहे.

या मुलखात वाटेचे दुसरेही एक स्मारक आहे, ते दरवर्षी चालते. इंद्रवेल्ली मंडलातल्या केस्लापूरची नागोबाची जत्रा पौष अमावास्येला भरते. तिच्याआधी मेस्राम कुळातले गोंड अनवाणी पायांनी गोदावरीपर्यंत जातात, हस्तिनमडुगू येथून झारीत पाणी घेतात आणि तसेच चालत परततात. वाटेत इंद्रवेल्लीच्या इंद्रादेवीपाशी थांबतात आणि मग केस्लापूरला पोहोचतात. पर्यंत, येथून, पाशी, ला : एका यात्रेत सारी विभक्ती येऊन जाते. कोणत्याही कोष्टकापेक्षा ती या पायांना अधिक चांगली ठाऊक आहे.

शेवटी निरोपाचा एक शब्द. मराठी माणूस घरातून निघताना ‘जातो’ म्हणत नाही. ‘येतो’ म्हणतो, किंवा ‘जाऊन येतो’ म्हणतो. तेलंगणातला माणूस ‘पोयोस्ता’ म्हणतो. अर्थ तोच, जाऊन येतो. आणि जपानी माणूस उंबऱ्यात जोडे घालताना ‘इत्ते किमासु’ म्हणतो. जाऊन येतो. घरातून उत्तर येते, जाऊन या. कुळे निराळी, समुद्र मध्ये, आणि निघणाऱ्याच्या ओठांवर परतीचे क्रियापद तेच. २० एप्रिलच्या त्या सोमवारीही डोंगरातून उतरणाऱ्यांची वाट बाजाराला जाऊन संध्याकाळी घरी परतण्याचीच होती.

हल्ली गावी गेलो की मी पुन्हा ‘घराले’ म्हणतो. आरंभी जीभ अडखळली. आता अडखळत नाही. पुण्यास परतलो की ‘ला’ आपोआप येतो, आणि त्यात काही वावगे वाटत नाही. दोन्ही अक्षरे मला एकाच दारापाशी आणून सोडतात.